वडगावच्या गल्लीत माग थांबले तेव्हा

मी वाढदिवसांना जातो. नात्यातल्या कुणाच्या नव्हे. तिथं मला फारसं कुणी बोलावत नाही, आणि बोलावलंच तर केक कापेपर्यंत मला डुलकी लागते. मी जातो ते गवयांच्या, वादकांच्या, क्वचित एखाद्या चित्रकाराच्या वाढदिवसाला. कराडच्या शाळेत आयुष्यभर संगीत शिकवलं. देवानं गळा दिला नाही, कान दिला, आणि म्हातारपणी सरकारनं एसटीची सवलत दिली. या तिन्ही गोष्टी एकत्र आल्यावर माणूस घरी कसा बसेल?

या समारंभांचा साचा ठरलेला असतो. फोटोला हार, वाऱ्यानं विझणारी समई, सा आणि रे यांतला फरक न कळणाऱ्या पाहुण्याचं लांबलचक भाषण, आणि लोक चपला शोधायला लागले की मग गाणं. मी त्या शेवटच्या गाण्यासाठी जातो. बहुतेक ठिकाणी उत्सवमूर्ती फोटोतच असते. पण या हिवाळ्यात बेळगावजवळच्या वडगावहून बोलावणं आलं ते एका हयात माणसाच्या वाढदिवसाचं, म्हणून मी जरा जास्तच खुशीत निघालो.

परशरामआप्पा वडगावचे विणकर. दिवसा माग आणि संध्याकाळी गाणं, असा त्यांचा जन्म गेला. मोठ्या शहरातल्या मैफली त्यांनी कधी केल्या नाहीत, पण खानापूरपासून निपाणीपर्यंत कुठल्याही देवळात कुणी पेटी घेऊन बसलं की गाता गाता आप्पांची एखादी जागा हमखास येऊन जाते. गाणाऱ्याला ती कुणाची हे ठाऊकही नसतं. माझ्याकडे त्यांची एक कॅसेट आहे, शिष्यांनी घरीच भरलेली. एका बाजूला भीमपलास, दुसऱ्या बाजूला भजनं. त्या भीमपलासावर मी माझे कितीतरी वर्ग चालवले. त्यांचा शिष्य नागेश बेळगावच्या एका हायस्कुलात पेटी शिकवतो. तो कोल्हापूरच्या एका कार्यक्रमात भेटला आणि म्हणाला, सर, यंदा आप्पांच्या वाढदिवसाला याच, पुढचं काही सांगता येत नाही. असं म्हटल्यावर कोण थांबेल?

कराडहून सकाळच्या गाडीनं निघालो. सोबत पेढ्यांचा पुडा. रस्ताभर उसाच्या ट्रॉल्या, एकेकीच्या मागं दहा-दहा वाहनं अडकलेली, आणि ट्रॅक्टरवाल्याचं मोठ्या आवाजातलं गाणं सगळ्यांना सक्तीनं. कागल मागं पडलं, महाराष्ट्राची हद्द संपली, तशी माझी सवलतही मागं पडली.

निपाणी जवळ आली की आधी नाकाला कळते. रस्त्याकडेच्या रानात तंबाखूची रुंद, चिकट पानं, आणि गावात शिरल्यावर वखारींचा तो उग्र वास. मी एकामागून एक शिंकत स्टँडवर उतरलो. पुढची गाडी कर्नाटकची, पाटी कानडीत. मी पाटीकडं बघत उभा राहिलो ते पाहून एका बाईनं विचारलं, "बेळगाव न्हवं? ही बघा, चढा." तिच्याजवळ विड्या वळायच्या पानांचं मोठं गाठोडं होतं. ते वर ठेवून ती माझ्या शेजारी बसली आणि बसली ती नेमकी पेढ्यांच्या पुड्यावर. पुडा चपटा झाला. तिला इतकं ओशाळल्यासारखं झालं की मीच तिला त्यातला एक पेढा काढून दिला. तो खाऊन तिनं चौकशी केली, कुणाकडं निघालासा? मी सांगितलं, वाढदिवसाला. कुणाच्या? एका म्हाताऱ्या गवयाच्या. तिनं थोडा विचार केला.

"आमच्यात म्हाताऱ्या माणसाचा वाढदिस करीत न्हाईत," ती म्हणाली. "दिस मोजू न्हाय. यमाला आठवण हुती."

कंडक्टर तिच्याशी कानडीत बोलला, माझ्याशी मराठीत, आणि मोबाईलवर कुणाशी तरी हिंदीत भांडला. संकेश्वरला ती बाई उतरली. मला तिचं बोलणं तेव्हा गमतीचं वाटलं.

बेळगावात थंडी होती. बसस्टँडसमोर गरम शिरा आणि चहा घेतला, आणि पुडा चपटा झाला म्हणून थोडा कुंदा (दूध आटवून केलेली इथली खमंग मिठाई) विकत घेतला. रिक्षा शहापूरच्या अरुंद रस्त्यांतून, साड्यांच्या दुकानांवरून वडगावात शिरली. नागेशनं खूण सांगितली होती देवळाची, पण खरी खूण होती आवाज. गल्लीच्या तोंडाशीच खडखडाट सुरू झाला. घराघरांत यंत्रमाग. दारात कांड्या (मागावर आडवं सूत नेणाऱ्या धोट्यात बसवायच्या नळ्या) भरत बसलेल्या बाया एकमेकींशी बोलत होत्या त्या अर्ध्या तोंडानं आणि अर्ध्या हातवाऱ्यांनी. मी नाव विचारलं ते कुणाला ऐकू गेलं नाही. मग मी गाणं म्हणण्याचा अभिनय केला, तशी एकीनं हसून समोरचं घर दाखवलं.

दारात कस्तुरीताई आल्या, आप्पांची मुलगी. पन्नाशीच्या, केसांत सुताचे तंतू अडकलेले. नवरा गेल्यावर माहेरी आल्या, मागच्या खोलीत दोन यंत्रमाग चालवतात. त्यांनी माग बंद केले, पाय धुवायला पाणी दिलं आणि मला आप्पांपुढं नेलं.

आप्पा भिंतीला टेकून बसले होते. पांढरं धोतर, स्वच्छ सदरा, मांडीवर दोन्ही हात. चेहरा शांत, मोकळ्या घरासारखा. मी पाया पडलो, कॅसेटचं सांगितलं. त्यांनी हसून मान हलवली. मग कस्तुरीताईंकडं वळून त्यांनी अदबीनं विचारलं, "तुमी कुणाच्या म्हणायचं?"

"मी कस्तुरी, आप्पा. तुमची लेक."

"बरं बरं," ते म्हणाले, "बसा की मग."

ताई बसल्या नाहीत. मला भाकरी वाढायला आत गेल्या. ज्वारीची भाकरी, मुगाची उसळ, शेंगांची चटणी, वाटीभर दही.

मी जेवत असताना त्या बोलल्या. दोन वर्षं होत आली, आई, शेवंता, गेली. तेव्हापासून आप्पांचं गाणं थांबलं, आणि पाठोपाठ एकेक ओळख पुसत गेली. आधी शिष्यांची नावं, मग शेजारी, मग ताई. मागल्या वाढदिवसाला शिष्यांनी पेटी पुढं ठेवली तर त्यांनी ती बाजूला सारून पाणी मागितलं. डॉक्टर म्हणाले होते, त्यांच्या आवडीचं काही कानावर पडू द्या. माझ्याकडे आहे तीच कॅसेट ताईंनी लावून पाहिली होती. आप्पांनी ऐकलं आणि म्हणाले, बरं गातोय हा.

"मला न्हाय वळखलं तर न्हाय," ताई म्हणाल्या, "मी सोसीन. पर गाणं तर वळखावं की त्यांनी. त्ये बी गेलं तर मग आत कोण ऱ्हायलं, सांगा गुरुजी?"

मी ताटातली चटणी बोटानं सारखी करत राहिलो.

हात धुताना पुढच्या खोलीच्या कोपऱ्यात मला एक हातमाग दिसला. जमिनीतल्या खड्ड्यात पाय सोडून बसायचा, जुन्या पद्धतीचा. वर धुवट धोतर पांघरलेलं. ताईंनी ते बाजूला केलं. खाली हिरवी साडी होती, तांबड्या काठाची, जवळजवळ पुरी विणलेली. शेवटचा वीतभर तुकडा तेवढा राहिला होता. सगळ्या गल्लीनं यंत्रमाग घेतले, आईनं हा सोडला नाही. त्या दिवशी छातीत कळ आली म्हणून उठली, चहा पिऊन येते म्हणाली, आणि आलीच नाही. धोटा तिनं ठेवला तिथंच अजून पडून होता. नातेवाईक म्हणाले साडी पुरी करून मागावरून काप, कुणी म्हणालं तशीच काप. ताईंनी दोन्हीतलं काहीच केलं नाही. आईच्या हातचं एवढंच शेवटचं, ते संपवायला हात धजत नाही, असं त्या म्हणाल्या.

"तुमच्या कॅसेटमधी वाजतंय न्हवं मागं, खट खट? त्यो ह्योच माग."

मी कपाळाला हात लावला. तो आवाज म्हणजे टेपचा दोष, असं मी मुलांना इतकी वर्षं सांगत आलो होतो. एकदा तर त्यापायी टेपरेकॉर्डर दुरुस्तीला टाकला होता. तबला नसलेल्या त्या कॅसेटमध्ये आप्पा ठेका धरत होते तो बायकोच्या मागाचा, आणि मी दुरुस्तीवाल्याशी भांडत बसलो. ताई हसल्या. त्या दिवसातलं त्यांचं तेवढंच एक हसू.

दुपार कलली तसा नागेश आला, त्याच्यासोबत दहा-बारा शिष्य. कुणी येळ्ळूरचे शेतकरी, कुणी कचेरीतून अर्धी रजा टाकून आलेले. त्यांनी सतरंजी अंथरली, आप्पांना फेटा बांधला, पेटी ठेवली, मोबाईलवर तानपुरा लावला. नागेश मोठ्या अभिमानानं मला म्हणाला, सर, आता बघा. आप्पांच्या साठीपासून आमच्या गल्लीचा हा रिवाज आहे. त्यांच्या वाढदिवसाला गाणं सुरू होताना सगळी गल्ली आपापले माग बंद ठेवते. मजुरी बुडवून. कुठल्या गवयाला असा मान मिळतो?

खरंच मिळत नाही. शालीपेक्षा हे कितीतरी मोठं होतं. मी ऐकत उभा राहिलो. कोपऱ्यावरचा माग थांबला, मग त्याच्या पलीकडचा, मग समोरचा. एकेक खडखडाट गळत गेला आणि शेवटी गल्ली इतकी गप्प झाली की देवळाजवळच्या नळाचं पाणी ऐकू यायला लागलं. शेजारचे लोक हात पुसत अंगणात येऊन बसले. नागेशनं पेटीवर भीमपलासाचे सूर धरले आणि आप्पांकडं पाहिलं.

आप्पा दाराकडं बघत होते. मघाचा शांत चेहरा पार बदलला होता. त्यांनी कान टवकारले, अंगणात जमलेली माणसं पाहिली, पुन्हा कान दिला.

"माग का बंद पडले?" त्यांनी विचारलं. "कोण गेलं?"

नागेशचे हात पेटीवर थांबले. त्यानं माझ्याकडं पाहिलं आणि हळूच सांगितलं, आमच्यात एरवी सगळ्या गल्लीचे माग एकदम थांबतात ते फक्त मयत झाली की. मग तो आप्पांच्या जवळ सरकला आणि समजावू लागला, कुणी नाही गेलं आप्पा, आज तुमचा वाढदिवस. आप्पांनी ते ऐकलं, पण त्यांच्या कानाचा त्यांच्या गल्लीवर जास्त विश्वास होता. गेल्या वर्षीपर्यंत वाढदिवसाचा रिवाज त्यांना आठवत होता, यंदा तोही पुसला गेला होता; जन्मभर जो अर्थ या शांततेचा होता, तोच त्यांनी घेतला.

"सांगा की रं," ते म्हणाले, "कोण गेलं? माझ्यापास्नं का लपिवतासा?"

त्यांनी डोक्यावरचा फेटा उतरवून ठेवला. खांद्यावर घ्यायला पंचा मागितला. मयताला जायला उशीर होतोय म्हणून उठायला लागले, दोघांनी धरलं तर रागावले. मग त्यांचा आवाजच कापायला लागला. शेजारच्या एका बाईनं तोंडाला पदर लावला. मला गाडीतली ती विडीवाली बाई आठवली. त्यांच्या मानासाठीच आम्ही सगळे जमलो होतो, आणि आम्हीच मिळून त्या म्हाताऱ्याच्या दारात मरण आणून बसवलं होतं. कोण गेलं, याचं खरं उत्तर तिथं प्रत्येकाला ठाऊक होतं. ते सांगायची कुणाची छाती नव्हती.

कस्तुरीताई स्वयंपाकघराच्या दारात उभ्या होत्या. मला वाटलं त्या मागं जाऊन यंत्रमाग सुरू करतील. त्या गेल्या कोपऱ्याकडं. मागावरचं धोतर काढलं, घडी केली, बाजूला ठेवली. खड्ड्यात पाय सोडून बसल्या. धोट्याला हात लावायच्या आधी त्यांनी एकदा साडीवरून तळवा फिरवला, झोपलेल्या लेकराच्या पाठीवरून फिरवावा तसा. मग धोटा गेला, आणि खट असा आवाज झाला.

पहिले काही फेरे अडखळले. दोन वर्षं पडून राहिलेलं सूत, एक तार तुटली, ती त्यांनी थुंकी लावून जोडली. मग लय बसली. खट, खट. आप्पा पंचा हातात धरून उभे होते ते ऐकत राहिले. त्यांचे खांदे खाली आले. नागेशनं त्यांना हळूच बसवलं. त्यांनी मांडीवर बोट टेकवलं, ते मागाबरोबर हलायला लागलं, आणि मग, कुणी काही न सांगता, त्यांनी भीमपलासाचा निषाद लावला.

आवाज फाटका होता. श्वास पुरत नव्हता. नागेशनं घाईघाईनं मोबाईलवरचा तानपुरा बंद केला, कारण आप्पांचा सा त्यात नव्हता, त्यांचा त्यांनीच कुठून तरी आणला होता. पण जागा त्याच होत्या. गंधारावरून उतरताना थोडं रेंगाळायचं, मागाचा एक ठोका रिकामा जाऊ द्यायचा आणि दुसऱ्यावर यायचं. इतकी वर्षं मी ते रेंगाळणं मुलांना शिकवत आलो, आणि तो ठोका कुणाचा हे मला त्या दुपारी कळलं. मी रडलो. आडवळणानं सांगण्यात अर्थ नाही, चारचौघांत शाळकरी पोरासारखा रडलो.

मग माझं लक्ष साडीकडं गेलं. वीतभर राहिलेला तुकडा प्रत्येक ठोक्याला कमी होत होता. आप्पांना गाता ठेवायचं तर आईची साडी संपत होती. ताईंच्याही ते लक्षात आलं असणार, कारण त्यांचा हात मंदावला. एक धोटा, मग थोडं थांबून दुसरा. आप्पाही मंदावले. लय उतरत गेली, विलंबित झाली, दोन ठोक्यांच्या मध्ये आता एक अख्खा श्वास मावत होता. ताई खाली मान घालून तार पुरवून पुरवून विणत होत्या, आणि आप्पा त्यांच्या मागून चालले होते.

चार बोटं राहिली असतील. आप्पा गाता गाता थांबले. मागाकडं न बघता, घरातल्या रोजच्या आवाजात त्यांनी विचारलं, "शेवंता, किती ऱ्हायलंय गं?"

ताईंचा हात धोट्यावर तसाच होता. त्यांनी समोरच्या चार बोटांकडं पाहिलं.

"लई हाय अजून," त्या म्हणाल्या. "म्हणा तुमी."

आप्पांनी मान हलवली आणि पुढची ओळ घेतली. थोडा वेळ गायले, मग गाताना त्यांची मान छातीवर आली आणि भिंतीला टेकून त्यांना झोप लागली. ताईंनी माग थांबवला नाही, नुसता हात आवरत आवरत अगदी हलका केला. नागेशनं खुणेनं शेजाऱ्यांना सांगितलं, जा, चालू करा. ती माणसं आवाज न करता उठली. एकेक यंत्रमाग सुरू झाला आणि गल्लीत पुन्हा कुणी गेलेलं नव्हतं. त्या आवाजाच्या आडोशाला ताईंनी हात उचलला. साडीवर धोतर पांघरलं.

हार तसाच टोपलीत राहिला. भाषण झालं नाही. कुंदा आणि चपटे पेढे शिष्यांनी उभ्याउभ्या खाल्ले. नागेश मला रिक्षापर्यंत सोडायला आला. सगळा रिवाज त्यानंच सुरू केलेला, त्यामुळं त्याची मान वर होत नव्हती. पुढच्या वर्षी माग चालू ठेवायचे, एवढंच तो म्हणाला. दारातून निघताना मी ताईंच्या पाया पडलो. वयानं त्या माझ्याहून लहान, त्या संकोचल्या, काय करतासा गुरुजी म्हणाल्या.

परतीची गाडी निपाणीला थांबली, तंबाखूचा वास आला, मी शिंकलोही. घरी बायकोनं विचारलं, कसा झाला वाढदिवस? मी म्हणालो, गायले. त्यापुढचं तिला सांगायला मला चार दिवस लागले.

आपण वाढदिवसाला आयुष्य मागतो. शतायुषी व्हा म्हणतो आणि पेढा तोंडात टाकतो. मीही असंख्य वेळा म्हटलं असेल, फुकटचं असतं ते. त्या दिवशी वडगावात मी एका बाईला आयुष्य देताना पाहिलं. तिच्याकडं चार बोटं होती, आणि लई हाय म्हणाली ती.

आप्पा रोज दुपारी मागाची वाट बघतात, असं नागेशकडून कळलं. ताई काय करतात, ते त्यानं सांगितलं नाही. ताईंचा नंबर माझ्याकडं आहे. दुपार झाली की फोन हातात घेतो, आणि ठेवून देतो. किती राहिलंय, हे मला विचारायचं नाही.